उघड्या नाण्यावर घातलेली फुंकर

अल्लाहचं नाव घेऊन लिहायला बसते.

मी, नूरुन्निसा अली मुकादम, वय एकोणसत्तर, राहणार मोहल्ला, पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्या एका कागदासाठी मला दवाखान्यात अडीच तास बसवून ठेवलं होतं. शरीर मात्र थकलं आहे. गुडघे गेले, मोतीबिंदू काढूनही उजव्या डोळ्याला धूसर दिसतं, आणि सकाळी उठल्यावर पहिला विचार परत आडवं होण्याचा येतो. थकवा म्हणजे वेड नव्हे, हे वाक्य वकीलबाईंनी घालायला सांगितलं, म्हणून घातलं.

वकीलबाई म्हणजे ॲड. प्राची भोईर. त्यांनी टाइप करून आणलेला मसुदा दीड पानाचा होता, नीटनेटका होता. मी तो परत केला. मला या कागदात दोन कामं करायची आहेत. माझी नात अरीबा हिच्या डोक्यावर छप्पर ठेवायचं आहे, आणि तिची आई शबनम हिच्यावर मी सहा वर्षांपूर्वी सगळ्या नातलगांसमोर घेतलेला खोटा आळ उतरवायचा आहे. पहिलं काम दीड पानात होतं. दुसरं होत नाही, म्हणून हाताने लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर चालवून घ्यावं.

कलम १. माझी माणसं. माझे पती अली इब्राहिम मुकादम २००४ साली वारले. आम्हाला दोन मुलगे. थोरला अबरार २०११ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, किडनीच्या आजाराने गेला. त्याची बायको शबनम आणि मुलगी अरीबा. धाकटा जिब्रान दोह्याला नोकरीला आहे, अल्लाह त्याला सुखी ठेवो.

आमच्या शरीयतप्रमाणे माझा वारस जिब्रान एकटा. मुलगा आईच्या आधी गेला आणि दुसरा मुलगा हयात असला, की गेलेल्याच्या लेकरांना हिस्सा मिळत नाही. मला मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत वारस नसलेल्या माणसाला देता येतं, आणि जिब्रानच्या संमतीची त्याला गरज नाही. हे मी मौलवीसाहेबांना विचारलं, वकीलबाईंनाही विचारलं, आणि दोघांचं उत्तर एकच आलं. असं क्वचित होतं.

कलम २. ही मालमत्ता आली कुठून. हे लिहायची गरज नाही असं वकीलबाई म्हणाल्या. मला आहे, कारण लोकांना अजूनही वाटतं की मुकादमांकडे गल्फचा पैसा आहे.

माझे पती जहाजावर खलाशी होते. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी, आणि त्या तीन महिन्यांतही मोऱ्याच्या धक्क्यावर बोटी बघत बसायचे. पत्ते नाहीत, दारू नाही. नाद एकच, टांकसाळीतून निघणारे नाण्यांचे संच टपालाने मागवायचे. एखाद्या प्रसंगासाठी काढलेली तीन-चार कोरी नाणी, प्लास्टिकच्या घडीत नाहीतर मखमली डबीत बसवलेली. ती खर्चायची नसतात. फॉर्म मी भरायचे, बँकेत ड्राफ्ट काढायला मी जायचे, आणि पाकीट आलं की न उघडता सुटकेसमध्ये ठेवायचे. ते गेले तेव्हा सुटकेसमध्ये चौसष्ट संच निघाले. घरात त्या महिन्याचं वीजबिल भरायचं राहिलं होतं.

फोर्टातले नाण्यांचे व्यापारी जगनशेठ यांच्याकडे मी एक संच घेऊन गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब नाही आले?" साहेब कबरस्तानात आहेत म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली. त्यांच्याकडून मला कळलं की अमेरिकेतल्या कंपन्या नाणं तपासतात, सत्तरपैकी गुण देतात आणि चिठ्ठीसकट सीलबंद प्लास्टिकमध्ये परत पाठवतात. एकेका गुणावर भाव फिरतो. पण आधी कोणीतरी बसून ठरवावं लागतं की चौसष्ट संचांतलं कोणतं नाणं पाठवायच्या लायकीचं आहे, कारण एकदा संच फोडला की त्याला संच म्हणून कोणी विचारत नाही. जगनशेठना ते काम करायला माणूस नव्हता. मी त्यांचं काम पाच दिवस बघितलं आणि सहाव्या दिवशी त्यांच्या नजरेतून सुटलेला ओरखडा दाखवला. तेव्हापासून दहा वर्षं आमचे आणि त्यांच्या गिऱ्हाइकांचे संच मी या घरात तयार केले. सुकापूरचा फ्लॅट त्यातून झाला, अबरारचं डायलिसिसही त्यातूनच.

कलम ३. मोहल्ल्यातलं घर. तळमजला, वरची खोली आणि मागचा नळ, हे सगळं जिब्रानचं. ते त्याला शरीयतनेच मिळतं, माझ्या उपकाराचा प्रश्न नाही. विनंती एवढीच की बिल्डरला देण्याआधी सहा महिने थांबावं. तो थांबणार नाही, हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

कलम ४. सुकापूरचा फ्लॅट. हा फ्लॅट माझ्या नावावर, माझ्या कमाईचा. तो मी माझी नात अरीबा अबरार मुकादम हिला देते. ती अठरा वर्षांची होईपर्यंत त्याचा ताबा आणि कारभार शबनमकडे राहील. वकीलबाईंनी किमती काढल्या आहेत. फ्लॅट एक तृतीयांशाच्या आत बसतो, कागद सोबत आहे. जिब्रानने फोनवर मला सांगितलं, "अम्मी, भाभी आपणहून निघून गेली. तिचा आता काय संबंध?" ती आपणहून गेली नाही. का गेली, ते कलम ७ मध्ये आहे.

आणखी एक गोष्ट मी लपवणार नाही. शबनम इथून गेल्यावर सुकापूरलाच भाड्याच्या खोलीत राहिली. माझा फ्लॅट तिच्यापासून दोन गल्ल्यांवर होता आणि मी तो परक्या माणसांना भाड्याने दिला होता. भाडं घ्यायला दर महिन्याच्या पाच तारखेला जायचे. एकदा ती रस्त्यात समोर आली, तिने सलाम केला, मी रिक्षा थांबवली नाही.

कलम ५. उरलेले संच. कपाटात एकतीस संच न फोडलेले आहेत. ते जिब्रानचे. त्याला त्यात गोडी नाही. लहानपणी त्याने बाबांचं एक नाणं चिंचेने घासून लख्ख केलं आणि बाबा जहाजावरून आले तेव्हा मोठ्या कौतुकाने हातात दिलं. बाबांनी त्याला जवळ घेतलं आणि मागच्या दारी जाऊन तासभर बसले. घासलेल्या नाण्याला किंमत उरत नाही. म्हणून सांगते, बाळा, विकायचे तर जसेच्या तसे विक. पुसू नको, चमकवू नको, पितांबरी तर घरातच आणू नको. जगनशेठ म्हणतील, "भाव पडलाय." भाव नेहमीच पडलेला असतो. चहा घेऊन उठायचं आणि आठवड्याने परत जायचं.

कलम ६. कामाची हत्यारं. पाचपट मोठं दाखवणारं भिंग, टेबलाचा दिवा, काचेची वाटी, मऊ पांढरा पंचा आणि वहीतल्या नोंदी अरीबाला द्याव्यात, तिला हव्या असतील तर. गळ्यात मारू नये. या कामाने डोळे जातात आणि मान जाते.

पण घेतलंच तर काम असं करायचं. हात साबणाने धुवायचे, क्रीम लावायचं नाही. पंचा चार पदरी अंथरायचा, नाणं निसटलं तरी टणकन पडू नये म्हणून. संचाची घडी कात्रीने कडेकडेने उघडायची. नाणं कडेलाच धरायचं, तोंडावर बोट लागलं तर तो ठसा जन्मभर राहतो. बाकीचे दिवे घालवून एका दिव्याखाली हळूहळू कलतं करायचं, म्हणजे केसासारखे ओरखडे दिसतात. जुन्या प्लास्टिकचा हिरवट चिकटा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून उचलायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. फडका लावायचा नाही, कधीच नाही. मग चांगल्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून वर चिठ्ठी.

आणि सगळ्यात मोठा नियम, उघड्या नाण्यासमोर बोलायचं नाही. बोलताना तोंडातून बारीक थेंब उडतात. त्या दिवशी काही दिसत नाही. चार-सहा महिन्यांनी तिथे काळपट ठिपके उमटतात आणि ते निघत नाहीत. मी काम करताना ओढणीने तोंड बांधायचे आणि घरात सगळ्यांना गप्प बसवायचे. अबरार हसायचा, म्हणायचा, "अम्मीच्या खोलीत मशिदीपेक्षा जास्त शांतता." या नियमाचा मला फार गर्व होता.

कलम ७. शबनमवरचा आळ. हे कलम वाचणाऱ्याने सावकाश वाचावं.

२०११ च्या मे महिन्यात अबरारला किडनी बसवायचं ठरत होतं. आमच्याकडे एक नाणं होतं, ऐंशीच्या दशकातल्या खास झिलईच्या प्रूफ संचातलं शंभर रुपयांचं, चांदीचं. आरशासारखं तोंड, एक ओरखडा नाही. जगनशेठ म्हणाले होते, याला अडुसष्ट-एकोणसत्तर गुण मिळाले तर मी दुसऱ्या दिवशी रोकडा घेईन. मी तो संच फोडला. तेव्हा शबनम माझ्या हाताखाली काम करायची, पाकिटं भरायची, चिठ्ठ्या लिहायची. माझ्यापेक्षा तिचं अक्षर चांगलं. त्या सकाळी ती टेबलापाशी आली आणि म्हणाली, "अम्मी, हॉस्पिटलमधून फोन होता. आज रिपोर्ट मिळतील." मी हाताने तिला गप्प केलं. नाणं उघडं होतं.

नाणं जूनमध्ये अमेरिकेला गेलं. अबरार ऑगस्टमध्ये गेला. किडनीसाठी नंबर लागेपर्यंतही तो थांबला नाही.

त्याच्या चाळिसाव्याच्या, म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाच्या, चार दिवस आधी नाणं परत आलं. तोंडावर चार ठिपके, तीन बारीक आणि एक मोठा, आणि चिठ्ठीवर असे गुण की फक्त चांदीच्या वजनाचे पैसे आले असते. चाळिसाव्याला घरात चाळीस-पन्नास माणसं होती. फातिहा झाली, जेवणं झाली, आणि कोणीतरी विचारलं, "नूरुन्निसा, त्या नाण्याचं काय झालं?" मी शबनमकडे बोट दाखवलं. मी म्हणाले, "हिला विचारा. हजारदा सांगितलं तोंड उघडू नको. हिच्या जिभेने माझ्या मुलाचा इलाज खाल्ला." हे शब्द मी विसरलेले नाही.

तिने मान खाली घातली. ती इद्दतीत होती, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर जाऊ शकत नव्हती. ज्या घरात मी तिला हे बोलले, त्याच घरात तिने आणखी तीन महिने भांडी घासली. इद्दत संपली त्या दिवशी दुपारी ती अरीबाचा हात धरून निघाली. मी अडवलं नाही.

आता खरं काय ते. माझी एक सवय होती. पार्सल सीलबंद झालं की मी कुराणातली आयतुल कुर्सी पढून त्यावर दम करायचे, म्हणजे फुंकर घालायचे. आमच्यात आजाऱ्यावर करतात, परीक्षेला जाणाऱ्या पोरावर करतात, तसंच. सीलबंद पार्सलवर फुंकर घातल्याने काही बिघडत नाही. पण त्या सकाळी फोनचं ऐकल्यावर माझ्याने धीर धरवला नाही. शबनम खोलीतून गेल्यावर मी तोंडावरची ओढणी सोडली आणि उघड्या नाण्यावर तीनदा पढले, तीनदा फुंकले. अबरारसाठी. नाणं पाकिटात घातलं आणि विसरले. खरंच विसरले होते, ते मी कसम घेऊन सांगते.

२०१४ मध्ये जिब्रानच्या व्हिसासाठी मी पुन्हा एका उघड्या नाण्यावर तसाच दम केला. घरात मी एकटी होते, आठवडाभर कोणी आलं नव्हतं. सात महिन्यांनी पाकीट उघडलं. तसेच ठिपके, बारीक बारीक आणि एक मोठा. मी भिंग ठेवलं आणि त्या दिवसापासून कामाला हात लावला नाही. लोकांना सांगितलं, डोळे गेले.

शबनमच्या तोंडून त्या नाण्यावर काही गेलं नव्हतं. गेलं ते माझ्या तोंडून. हे मला तीन वर्षांपासून माहीत आहे आणि मी गप्प बसले, कारण मला लाज वाटली आणि लाजेबरोबर राहायची सवय झाली. माझ्या मृत्यूनंतर माझ्या चाळिसाव्याला, त्याच माणसांसमोर, जिब्रानने हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं.

कलम ८. किरकोळ. कफनाचं कापड कपाटात तळाशी आहे, मक्केहून आलेल्या आबे-जमजमच्या बाटलीशेजारी. कबर अबरारच्या बाजूला, जागा नसेल तर वाद घालू नये. अलींच्या चुलतभावाने २००६ साली नेलेली सुटकेस त्याने परत केली नाही. ती मी माफ करत नाही, पण मागायलाही जाऊ नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. प्राची भोईर करतील. त्यांची फी मी आधीच दिली आहे. त्यांनी ती कमी घेतली.

इथपर्यंत कागद ४ नोव्हेंबरला पूर्ण झाला होता. पुढचं कलम आज लिहिते.

कलम ९. साक्षीदार म्हणून मी आनंदा घरत यांना बोलावलं होतं. सुकापूरची आमची इमारत त्यांच्या भाताच्या शेतावर उभी आहे, सोसायटीचे ते सेक्रेटरी, आणि अलींचे मोऱ्याच्या धक्क्यावरचे दोस्त. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असं वकीलबाई म्हणाल्या. आनंदाभाऊ म्हणाले, "वाचल्याबिगर मी लाइटबिलावर पन सही करत नाय." चष्मा लावून सगळं वाचलं. सातवं कलम दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"भाबी, मी सही नाय करनार."

मी विचारलं, काय चुकलं.

"चुकलं काय नाय, सगला खरा हाय. पन तुमी मेल्यावर माफी मागता. ती पोर जबाब कुनाला देल? कबरीला? आदी तिच्या घरी जावा. मंग मी सही करतो."

वकीलबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हणाले, माझे गुडघे दुखतात. आनंदाभाऊ म्हणाले, "रिक्षा मी पाठवतो." मला त्यांचा राग आला. तो राग तीन दिवस टिकला आणि मग माझ्याकडे रागाला पुरेल एवढीही ताकद उरली नाही.

गुरुवारी दुपारी, असरच्या नमाजाआधी, मी सुकापूरला गेले. दोन जिने चढताना तीनदा थांबले. शबनम मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती, अरीबा क्लासला गेली होती. तिने मला बघितलं, उठली, पाणी दिलं, आणि परत मशीनपाशी बसली. मी सगळं सांगितलं. ओढणी कशी सोडली, किती वेळा पढले, दुसरं नाणं, तीन वर्षं. ती निळ्या कापडाची शिवण बोटाने सारखी करत होती.

मी गप्प झाल्यावर ती म्हणाली, "मला माहीत होतं, अम्मी."

"कधीपासून?"

"त्याच सकाळपासून. मी चहा विचारायला परत आले होते. दारातून बघितलं. तुम्ही डोळे मिटून पढत होतात."

मी म्हणाले, "मग चाळिसाव्याला बोलली का नाहीस? पन्नास माणसांसमोर मी तुला काय काय म्हणाले."

तिने सुईखालून कापड काढून त्याची घडी केली. मग म्हणाली, "काय बोलायचं होतं? की अम्मींनी अबरारसाठी दुआ केली आणि त्या दुआनेच नाणं गेलं? तुम्ही तर मेल्या असतात, अम्मी. चाळीस दिवसच झाले होते. मला वाटलं, रागवू देत माझ्यावर, त्या रागावर तरी उभ्या राहतील."

मला रडू आलं. माझ्या वयाच्या बाईला दुसऱ्याच्या घरी असं रडणं शोभत नाही, पण मी रडले आणि ती पाठीवर हात फिरवत राहिली. अरीबा क्लासमधून आली, तिने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि दप्तर न काढता तशीच उभी राहिली. मी तिला सहा वर्षांत पाच-सातदाच बघितलं होतं. ती अबरारसारखी डाव्या पायावर भार देऊन उभी राहते.

निघताना मी फ्लॅटचं सांगितलं. शबनम म्हणाली, फ्लॅट अरीबाचा, मी नाही म्हणणार नाही, पण सातवं कलम काढून टाका. लोकांना कशाला, आपल्या दोघींत झालं तेवढं पुरे.

ते कलम मी काढलेलं नाही. फक्त एक बदल केला आहे. सातवं कलम माझ्या चाळिसाव्याला जिब्रानने वाचायचं नाही. पुढच्या रविवारी, २६ नोव्हेंबरला, दुपारच्या जोहरच्या नमाजानंतर, मोहल्ल्यातल्या घरी, त्याच माणसांसमोर ते मी स्वतः वाचणार आहे. जेवण सांगितलं आहे, निरोप गेले आहेत. वकीलबाई म्हणतात, माणूस जिवंत असताना त्याचं मृत्युपत्र लागू होत नाही, तेव्हा हे कलम कायद्यात बसत नाही. नाही बसलं तर न बसो. त्याआधी मला काही झालं, तर मात्र जिब्रानने वाचावं.

शबनमला मी फोन करून सांगितलं की तू माझ्या शेजारी बसायचंस. ती म्हणाली, "कशाला, अम्मी." मग बराच वेळ मशीनचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "किती वाजता येऊ?"

वर लिहिलेलं सगळं मी वाचलं, मला समजलं, आणि ते माझंच आहे.

ठिकाण: पनवेल
दिनांक: १८ नोव्हेंबर २०१७, शनिवार

(सही) नूरुन्निसा अली मुकादम

आमच्यासमक्ष सही केली. आम्ही एकमेकांसमक्ष साक्ष घातली:

१. (सही) आनंदा गणपत घरत, सुकापूर. सगळं वाचून सही केली.

२. (सही) ॲड. प्राची भोईर, पनवेल